मनगटावरील होकायंत्र

श्रावणांतील एका रविवारीं जुन्नरकडील एका घाटमाथ्यावर आम्ही आणि आमचे चार विद्यार्थी धुक्यांत उभे होतों. धुकें इतकें दाट होतें कीं, पुढच्या माणसाची छत्री दिसे, पण छत्रीखालचा माणूस दिसत नसे. त्या पठाराच्या पूर्वेस उतारावर वाडी होती, आणि पश्चिमेस सरळ कोंकणांत तुटणारा कडा होता; म्हणजे दिशेची चूक ही तेथें घटकाभर उशीर होण्याची चूक नव्हती. एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर नकाशा होता, आणि सकाळपासून त्या नकाशावरील निळा ठिपका हाच आमचा वाटाड्या झाला होता. दुपारीं दोनच्या सुमारास पाणी शिरून तो मोबाईल बंद पडला. इतरांनीं आपल्या मोबाईलमध्यें नकाशा उतरवून घेतलेला नव्हता, आणि रेंजचा तर त्या डोंगरावर मागमूसहि नव्हता.

"काळजी नको, सर," असें म्हणून त्या विद्यार्थ्यानें पाठपिशवींतून एक मनगटी होकायंत्र काढून बांधलें. सुई हलली, डुलली, स्थिर झाली. तिच्या आधारानें पूर्व कोणती तें ठरलें आणि आम्ही त्या बाजूस चालूं लागलों. पन्नास-साठ पावलें गेलों असूं नसूं, तोंच मागें राहिलेले आमचे खरे वाटाडे, वाडीवरचे एक वृद्ध गृहस्थ, धापा टाकीत आले.

"अहो मास्तर, कुठं निघाले? तिकडं कडा हाये!"

विद्यार्थ्यानें मनगट पुढें केलें. "बाबा, ही पाहा पूर्व. वाडी इकडेच."

बाबांनीं त्या यंत्राकडे पाहिलेंहि नाहीं. ते म्हणाले, "पाऊस तोंडावर येतोय नव्हं? श्रावणातला पाऊस कधी उगवतीकडून आलाय का?"

पाऊस खरोखरच आमच्या तोंडावर येत होता. आम्हीं पाठ वाऱ्याकडे केली आणि पाऊण तासानें वाडीच्या चुलींचा धूर नाकाशीं आला. घरीं आल्यावर तें होकायंत्र दुसऱ्या एका होकायंत्राशेजारीं ठेवून पाहिलें, तेव्हां उलगडा झाला. सुईचें लाल टोंक बिनचूक दक्षिण दाखवीत होतें. मोबाईलच्या पाकिटाचें झांकण मिटावें म्हणून त्यास एक लहानसा पण जबर लोहचुंबक बसविलेला होता, आणि आदल्या रात्रीपासून होकायंत्र पिशवींत त्या पाकिटाला चिकटून पडलें होतें. सुईचीं ध्रुवटोंकें त्यामुळें उलटीं झालीं होतीं. पहिलें साधन स्वतः तर निकामी झालेंच, पण निकामी होण्यापूर्वीं त्यानें आपल्या जागीं उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या साधनासहि बिघडवून ठेविलें होतें.

पुढें त्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, असें होकायंत्र बाळगावें, कीं हा नाद सोडून द्यावा? आणि बाळगावयाचें तर कसें निवडावें?" आमचा विषय इतिहास. साध्या खरेदीच्या प्रश्नासहि इतिहासाचें उत्तर देण्याची खोड या वयांत सुटण्यासारखी नाहीं. परंतु या प्रश्नाचें उत्तर खरोखरच इतिहासांत आहे अशी आमची समजूत झाली असून, तीच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, होकायंत्राचा जन्मच मुळीं दुय्यम साधन म्हणून झाला. चीन देशांतील शेन क्वो या बहुश्रुत अधिकाऱ्यानें इ.स. १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत लोहचुंबकावर घांसलेल्या सुईचें वर्णन केलें आहे. ती पाण्यावर तरंगवितां येते, नखावर किंवा वाटीच्या कांठावर तोलून ठेवितां येते. पण रेशमाच्या एका तंतूनें वारा नसलेल्या जागीं टांगणें सर्वांत उत्तम, असें तो सांगतो. ती ठीक दक्षिणेस न वळतां किंचित् पूर्वेकडे झुकते, हेंहि त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढें इ.स. १११९ च्या सुमारास चू यू नांवाच्या लेखकानें कँटनच्या सागरी व्यापाराची हकीकत लिहिली. तींत तांडेल काय करितात तें सांगितलें आहे. ते रात्रीं तारे पाहतात, दिवसा सूर्य पाहतात, आणि आभाळ भरून आल्यावर सुई पाहतात. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील अलेक्झांडर नेकम या पंडितानें युरोपांतील खलाशांसंबंधीं जवळजवळ हेंच लिहून ठेविलें. दोन टोंकांच्या दोन समाजांत सुईचें स्थान एकच होतें. मुख्य साधन आकाश. सुई ही आकाश दिसेनासें झाल्यावर काढावयाची.

आतां हें दुय्यम साधन उपयोगी कां पडलें? सूर्य आणि तारे ज्या कारणानें निरुपयोगी होतात, त्या कारणाचा सुईवर कांहीं परिणाम होत नाहीं, म्हणून. ढगांनीं तारे झांकले तरी पृथ्वीचें चुंबकत्व झांकलें जात नाहीं. आम्हांस वाटतें, दुसऱ्या साधनाचा पहिला गुण हा होय. तें पहिल्याहून चांगलें असण्याची आवश्यकता नाहीं. तें वेगळ्या कुळांतील मात्र असलें पाहिजे. एका मेणबत्तीस पर्याय म्हणून दुसरी मेणबत्ती जवळ ठेवणाऱ्या माणसाला वारा सुटल्यावर अंधारांतच बसावें लागतें.

सुई जसजशी जहाजावर स्थिरावली, तसतशी ती मुख्य साधन होऊन बसली, आणि मुख्य झालेल्या साधनाचे दोष दिसूं लागण्यास जो काळ लागतो तो तिच्या बाबतींतहि लागला. हे दोष पद्धतशीर रीतीनें शोधणाऱ्यांत ज्या पुरुषाचें नांव अग्रभागीं आहे, त्याचा आपल्या किनाऱ्याशीं निकट संबंध आहे. दों जुआंव द कास्त्रु हा पोर्तुगीज सरदार इ.स. १५३८ मध्यें लिस्बनहून गोव्याकडे निघाला. पेद्रु नुनिश या गणितज्ञानें योजिलेलें एक यंत्र त्याच्याजवळ होतें. सूर्याच्या छायेवरून खरी उत्तर काढावयाची, ती सुईच्या उत्तरेशीं ताडून पाहावयाची, आणि फरक लिहून ठेवावयाचा, असा नेम त्यानें प्रवासभर पाळला. मोझांबिक येथें त्याचीं मापें एकमेकांशीं जुळेनात. शोध करितां असें दिसून आलें कीं, जवळच असलेल्या तोफेसारख्या लोखंडी वस्तू सुईला आपल्याकडे ओढीत होत्या. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २२ तारखेस वसईजवळ पुन्हां तसाच घोटाळा झाला; आणि या वेळीं दोष लोखंडी सामानाचा नसून तेथील खडकांचा आहे, असें त्याच्या ध्यानांत आलें. हा कास्त्रु पुढें गोव्याचा गव्हर्नर व व्हाइसरॉय झाला आणि इ.स. १५४८ मध्यें गोव्यासच वारला. पोर्तुगीजांच्या इतिहासांत दीवच्या वेढ्यासाठीं त्याचें नांव घेतात. आम्हांस मात्र लोखंडावर आणि खडकावर रागें न भरतां दोन्हींची नोंद करणारा हा माणूस अधिक मोठा वाटतो.

वसईजवळचे खडक ज्या काळ्या पाषाणाच्या कुळांतले, त्याच पाषाणाचा आपला सह्याद्रि घडलेला आहे. या खडकांत लोहाचे चुंबकीय कण असतात, आणि उंच माथ्यांवर वीज पडून त्यांचें चुंबकत्व जागोजाग तीव्र झालेलें असतें. म्हणून गडावरच्या बुरुजावर किंवा कातळावर होकायंत्र टेकवून दिशा पाहणारा मनुष्य कास्त्रुची चूक त्याच्यानंतर पांच शतकांनीं करीत असतो. यंत्र छातीइतक्या उंचीवर धरावें, दहा-वीस पावलें सरकून पुन्हां पाहावें, आणि दोन्ही वेळां सुई एकच सांगते कीं नाहीं तें ताडावें.

सुईच्या आणखी एका स्वभावाची ओळख लंडनमधील रॉबर्ट नॉर्मन या यंत्रकारानें इ.स. १५८१ मध्यें करून दिली. तोलून बसविलेली सुई चुंबकित केल्यावर तिचें एक टोंक खालीं झुकतें. हें झुकणें पृथ्वीच्या ध्रुवांकडे जावें तसें वाढतें आणि मध्यभागाकडे कमी होतें. उत्तर युरोपांत हा कोन ७० अंशांहून अधिक भरतो; मुंबईच्या बाजूस तो २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असतो, आणि भरतखंडाच्या दक्षिण टोंकाशीं जवळजवळ नाहींसा होतो. म्हणून एका प्रदेशासाठीं तोललेली सुई दूरच्या दुसऱ्या प्रदेशांत तिरकी होऊन तबकडीला घांसण्याचा संभव असतो. खऱ्या उत्तरेपासून सुईचा आडवा फरक मात्र आपल्या महाराष्ट्रांत सध्यां एका अंशाहूनहि लहान आहे. ही आपल्याकडील निसर्गाची मेहेरबानी होय.

एकोणिसाव्या शतकांत जहाजेंच लोखंडाचीं झालीं, आणि जो शत्रु कास्त्रुला बाजूस सारतां आला होता तो आतां यंत्राचें घर होऊन बसला. जॉर्ज एअरी या ज्योतिर्विदानें इ.स. १८३८ मध्यें 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून, सुईभोंवतीं लोहचुंबक व लोखंड मोजून मापून ठेविल्यास जहाजाचा दोष बऱ्याच अंशीं फेडतां येतो, असें दाखविलें. तरीहि लोखंडाच्या पेटींत बसलेल्या सुईवर पूर्ण विसंबणें कठीणच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं, इ.स. १९०८ च्या सुमारास जर्मनींत व इ.स. १९११ मध्यें अमेरिकेंत, वेगानें फिरणाऱ्या चक्रावर आधारलेलें दिग्दर्शक यंत्र आरमारी जहाजांवर चढलें. त्यास लोखंडाची बाधा नव्हती आणि तें खरी उत्तर दाखवी. एवढें झाल्यावर सुईला निवृत्तिवेतन मिळावयास हरकत नव्हती. परंतु तें चक्र विजेवर फिरतें, आणि वीज जाऊं शकते. म्हणून समुद्रावरील सुरक्षिततेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांत विजेवर मुळींच अवलंबून नसलेलें होकायंत्र किंवा तत्सम साधन जहाजावर असावें, असा दंडक आजहि आहे. विमानांतहि काचेजवळ एक लहानसें चुंबकीय होकायंत्र 'राखीव' म्हणून बसविलेलें असतें. येणेंप्रमाणें जें साधन दुय्यम म्हणून जन्मलें, तें मधलीं कित्येक शतकें राज्य करून पुन्हां आपल्या मूळ जागीं आलें.

लोखंडापासून दूर राहण्याचा धडा आमच्या मुंबईनेंहि एकदां मोठ्या प्रमाणावर गिरविला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत इ.स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, आणि त्या प्रवाहानें वेधशाळेच्या नाजूक सुया बिथरणार हें उघड झालें. त्या वेळचे तेथील मुख्य नानाभॉय मूस यांनीं शहराशीं वाद घालीत न बसतां, इ.स. १९०४ मध्यें हें काम अलिबागेस नेलें. तेथील इमारतीसाठीं चुंबकत्व नसलेला दगड निवडण्यांत आला व लोखंड कटाक्षानें टाळण्यांत आलें. नव्या व जुन्या दोन्ही ठिकाणीं कांहीं काळ एकदमच मापें घेऊन तीं एकमेकांशीं ताडलीं. मग कुलाब्याचें काम थांबविलें. इ.स. १९०७ मध्यें ट्राम धांवूं लागल्या, तेव्हां सुया सुरक्षित होत्या. आमच्या विद्यार्थ्याच्या पाठपिशवींत जें घडलें, तें एका शहराच्या बाबतींत घडूं न देण्याची ही दक्षता होती. नव्या साधनाचा जुन्यावर काय परिणाम होईल याचा विचार मूस यांनीं आधीं केला. आम्हीं केला नाहीं.

आतां मनगटाकडे वळूं. जहाजावरील होकायंत्र पेटींत, टांगत्या कड्यांत, निवांत बसतें. चालत्या माणसाच्या अंगावर त्याला तो निवांतपणा नाहीं. उघडी सुई पावलागणिक थरथरते आणि माणूस थांबल्याखेरीज ती थांबत नाहीं. रशियन लष्करांतील भूमापक व्लादिमिर आद्रियानोव यानें इ.स. १९०७ मध्यें पट्ट्यानें मनगटावर बांधावयाचें होकायंत्र तयार केलें, आणि त्या धर्तीचीं यंत्रें पुढें सोव्हिएत सैन्यांत सर्रास चाललीं. पण त्यांतील सुई कोरडीच होती. थरथर थांबविण्याचा उपाय समुद्रावर पूर्वींच सांपडला होता; सुई द्रवांत बुडवून ठेवावयाची, म्हणजे द्रव तिला आंवरतो. अडचण एवढीच कीं, हलक्या आणि लहान डबींतून द्रव गळे. फिनलंडमधील तुओमास व्होहलोनेन हा व्यवसायानें भूमापक होता. सेल्युलॉइडच्या हलक्या डबींत पेट्रोलियमपासून काढलेला द्रव भरून ती पक्की बंद करण्याच्या कृतीबद्दल त्यानें इ.स. १९३३ मध्यें एकाधिकारासाठीं अर्ज केला, आणि इ.स. १९३६ मध्यें सुऊंतो या त्याच्या कंपनीनें असें होकायंत्र बाजारांत आणलें. तें मनगटावर बांधावयाचें होतें, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. फिनलंडच्या जंगलांत क्षितिज दिसत नाहीं आणि हिंवाळ्यांत हात काठ्यांत गुंतलेले असतात. त्या देशाची गरजच त्या यंत्राच्या रूपानें बाहेर आली.

दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून छत्रीनें उतरणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या मनगटावर अशींच द्रवाचीं लहान होकायंत्रें होतीं. रात्रीं परक्या मुलखांत उतरलेल्या माणसाचें सामान कोठें पडेल याचा नेम नसतो. मनगट मात्र त्याच्याबरोबरच उतरतें. त्याहूनहि लहान होकायंत्रें इंग्रजांच्या एका गुप्त खात्यानें वैमानिकांच्या गणवेशाच्या गुंड्यांत दडविलीं होतीं. शत्रूच्या मुलखांत सांपडलेल्या माणसानें त्यांच्या आधारानें सरहद्द गांठावी, असा हेतु. जर्मनांना गुंड्यांचीं झांकणें पिळून उघडण्याचें कळलें, तेव्हां इंग्रजांनीं झांकणांचे आटे उलटे केले. मग झडती घेणारा शिपाई झांकण पिळी तों तें अधिकच घट्ट बसे. त्या गुंडींतील सुई अंशांचीं मापें देत नसे. ती एवढेंच सांगे कीं, उत्तर साधारण इकडे आहे. एवढ्यावर माणसें देशांतरें करीत, कारण त्यांना एखादा बिंदु गांठावयाचा नसून सरहद्दीसारखी एक लांब रेषा गांठावयाची असे.

मनगटी होकायंत्रावर जो नेहमीं आक्षेप घेतात त्याचें उत्तर येथें आहे. आक्षेप असा कीं, एवढ्याशा तबकडीवर पांच अंशांपेक्षां बारीक वाचतां येत नाहीं. खरें आहे. हिशेब करूं: पांच अंशांची चूक एक किलोमीटर चालल्यावर सुमारें ८७ मीटरांची होते. झाडीमध्यें एक विहीर शोधावयाची असेल तर ही चूक फार. परंतु ओढा, गाडीरस्ता किंवा पठाराची कड गांठावयाची असेल तर ती कांहींच नव्हे. नकाशावर रेषा आंखून वाट काढावयाची असेल, त्यानें पारदर्शक पट्टीवर बसविलेलें होकायंत्र घ्यावें; त्या कामीं तेंच सरस. पण तें गळ्यांत किंवा पिशवींत राहतें, आणि पिशवींतील वस्तु संशय आल्यावर निघते. संशय न येणें हाच तर वाट चुकण्यांतील खरा धोका.

याचा एक दाखला अलीकडच्या इतिहासांत आहे. उपग्रहांच्या साह्यानें पृथ्वीवरील स्थान सांगणारी अमेरिकन योजना इ.स. १९९५ मध्यें पूर्णत्वास आली. त्याच वर्षीं जूनमध्यें 'रॉयल मॅजेस्टी' नांवाचें उतारूंचें जहाज बर्म्यूडाहून बॉस्टनला निघालें. वर सुमारें दीड हजार माणसें होतीं. बंदर सोडल्यावर तासाभराच्या आंतच उपग्रहांचे संदेश घेणाऱ्या यंत्राची तार निसटली. यंत्रानें तक्रार केली ती पडद्यावरील दोन-चार बारीक अक्षरांनीं. आणि मग तें, वेग व दिशा यांवरून केवळ अंदाजानें, पूर्वीसारखेंच सुबकपणें स्थान दाखवीत राहिलें. वारा व प्रवाह जहाजाला बाजूस सारीत आहेत हें त्या अंदाजाला ठाऊक नव्हतें. असे ३४ तास गेले. जमिनीवरील केंद्रांच्या संदेशांवर चालणारें, अगदीं वेगळ्या कुळांतील दुसरें यंत्र त्याच जहाजावर होतें. तें चालूं होतें आणि खरें स्थान सांगूं शकत होतें. पण दोहोंचें उत्तर ताडून पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. जून १० च्या रात्रीं तें जहाज नँटकेट बेटाच्या पूर्वेस वाळूच्या उथळावर चढलें. नियोजित मार्गापासून तें १७ मैल भरकटलें होतें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

या कथेंत दुसरें साधन नव्हतें असें नाहीं. तें होतें, चांगलें होतें, आणि दहा पावलांवर होतें. तें नजरेसमोर नव्हतें, एवढेंच. आमच्या घाटमाथ्यावरील कथेंतहि होकायंत्र होतें; सकाळीं गाडींतून उतरतांना तें मनगटावर बांधलें असतें, तर स्वच्छ उन्हांत पहिल्याच वळणावर तें उलटें बोलत असल्याचें मुलांच्या लक्षांत आलें असतें. मोबाईल चालूं होता तोंवरच त्याची परीक्षा घेणें शक्य होतें. तो बंद पडल्यावर परीक्षा घेण्यास उरले ते फक्त बाबा आणि वारा.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें: होकायंत्र अवश्य बाळगावें, आणि तें मनगटावरच बाळगावें, कारण जी वस्तु वारंवार सहज दिसते तीच वारंवार पहिल्या साधनाशीं ताडली जाते. घ्यावयाचें तें बॅटरीवर चालणारें नसावें. कांहीं घड्याळांत विजेचें होकायंत्र असतें आणि तें सुरेख असतें. पण तें मोबाईलच्या कुळांतलें, मोबाईलबरोबरच भिजणारें व निजणारें. घड्याळाच्या पट्ट्यावर शोभेसाठीं अडकवावयाच्या टिकल्या मिळतात, त्यांच्या मोहांत पडूं नये. डबी द्रवानें भरलेली असावी. दुकानांत मनगट झटकून पाहावें. सुई दोन-तीन सेकंदांत स्थिर झाली पाहिजे व पुन्हां पुन्हां त्याच जागीं आली पाहिजे. आंत मोहरीएवढा बुडबुडा असल्यास हरकत नाहीं. वाटाण्याएवढा असल्यास डबी गळते असें समजावें. यंत्र कोणत्या प्रदेशासाठीं तोललें आहे तें विचारावें, आणि तें आडवें धरल्यावर सुई तबकडीला घांसत नाहीं हें स्वतः पाहावें. पट्टा पावसाळी डगल्याच्या बाहीवरून बांधतां येईल इतका लांब असावा. घड्याळ एका हातांत, होकायंत्र दुसऱ्या हातांत. आणि मोबाईल, त्याचें पाकीट, चाकू, किल्ल्या यांच्याशीं त्याची सोयरीक पिशवींतहि होऊं देऊं नये. दिशा पाहतांना मोबाईल धरलेला हात दूर न्यावा.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. होकायंत्र दिशा सांगतें, स्थान सांगत नाहीं. वाडी पूर्वेस आहे हें ज्याला आधींच ठाऊक आहे, त्यालाच पूर्व दाखविणाऱ्या यंत्राचा उपयोग. म्हणून चढाला लागण्यापूर्वीं कागदावरचा नकाशा पाहून दोन वाक्यें तोंडपाठ करावीं: कडा कोणत्या बाजूस, आणि वाट चुकल्यास कोणत्या दिशेनें चालल्यावर रस्ता किंवा ओढा आडवा येईल. हीं दोन वाक्यें नसतील तर मनगटावरची सुई हा नुसता दागिना आहे.

कोणी म्हणेल, बाबांना यंत्रावांचून दिशा कळली, तर मग यंत्राचें एवढें स्तोम कशाला? त्यांच्या ज्ञानाविषयीं आम्हांस आदर आहे. त्या दिवसापासून तो वाढलाच आहे. पण तें ज्ञान त्या डोंगरावर साठ-सत्तर पावसाळे काढून मिळालेलें आहे, आणि आमच्यासारख्या रविवारच्या पाहुण्यांस तें विकत घेतां येत नाहीं. शिवाय बाबांनीं जें केलें तें तरी निराळें काय होतें? एका साधनाचा शब्द त्यांनीं वेगळ्या कुळांतील दुसऱ्या साधनाशीं ताडून पाहिला. चू यूच्या हकीकतींतील तांडेलांनीं, कास्त्रुनें आणि मूस यांनीं केलें तेंच. आम्ही पांच शिकलेलीं माणसें मात्र एकाच पिशवींतून निघालेल्या दोन वस्तूंवर एकामागून एक विश्वास टाकीत कड्याकडे चाललों होतों.

तें उलटें झालेलें होकायंत्र विद्यार्थ्यानें टाकून दिलें नाहीं. त्याच्या टेबलावर तें अजून दक्षिणेस उत्तर म्हणत बसलेलें असतें. नवें त्यानें विचारपूर्वक घेतलें, आणि आम्हीहि एक घेतलें. आश्विनांत आभाळ निवळल्यावर पुण्यांत आमच्या गच्चीवरून उत्तरेस, क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर, ध्रुव स्पष्ट दिसतो. कोठें डोंगरावर जावयाचें असलें म्हणजे आदल्या रात्रीं आम्ही तें यंत्र मनगटावर बांधून गच्चीवर जातों, मोबाईल खालीं ठेवितों, आणि सुई व तारा यांचें एकमत आहे ना, तें पाहून मग झोंपतों.